आपल्याकडे किती वाजता?

ई-स्पोर्ट्सचा फॅन ओळखायची एक सोप्पी खूण सांगते. बक्षीस किती, आवडती टीम कुठल्या ग्रुपमध्ये, समोर कोण, हे सगळं तो नंतर विचारतो. त्याचा पहिला प्रश्न एकच, 'आपल्याकडे किती वाजता?' आणि उत्तर ऐकल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे काही उमटतं ना, त्यावरून कळतं की मॅच शांघायला आहे की सिअॅटलला! शांघाय म्हटलं की कळी खुलते. सिअॅटल म्हटलं की पठ्ठ्या मनातल्या मनात उद्याच्या मीटिंग्ज मोजायला लागतो.

मी मूळची वाशिमची, नोकरीला पुण्यात, हिंजवडीला. धाकटा भाऊ वाशिमलाच, बाजार समितीतल्या एका अडत दुकानाचे हिशेब बघतो. आम्हा दोघांमध्ये आवडीनिवडी म्हणाल तर फारसं काही जुळत नाही. जुळतं ते एकच, 'डोटा टू'. ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी : पाच विरुद्ध पाच, एक नकाशा, समोरच्याचा गड पाडायचा. बस्स! बुद्धिबळ, कबड्डी आणि गल्लीतली मारामारी एका भांड्यात घालून ढवळली तर जे तयार होईल ते. याची जागतिक स्पर्धा, 'द इंटरनॅशनल', २०११ पासून भरते. गोळ्या झाडायची आवड असेल तर 'काउंटर-स्ट्राइक' आहे, 'व्हॅलोरंट' आहे. मोठमोठी स्टेडियम्स भरतात, कॉमेंट्री असते, रडारड असते. स्ट्रीम बघायला पैसे पडत नाहीत. किंमत मोजायची ती झोपेत.

आता जरा गणित. भारताचं घड्याळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. जगातले बहुतेक देश पूर्ण तासांच्या पायरीवर उभे, आपण मधल्या अर्ध्या पायरीवर. त्यामुळे कुठलीही वेळ आपल्या वेळेत आणायची म्हणजे अर्ध्या तासाचं शेपूट येतंच. सोल साडेतीन तास पुढे. शांघाय, सिंगापूर अडीच तास पुढे. रियाध अडीच तास मागे. साओ पावलो साडेआठ तास मागे. आणि सिअॅटल? उन्हाळ्यात तब्बल साडेबारा तास मागे! म्हणजे तिकडे सकाळी दहाला दिवसाची पहिली मॅच सुरू झाली, की आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. ही झाली पहिली मॅच. मोठी मॅच तिकडच्या दुपारी, म्हणजे आपल्या मध्यरात्रीनंतर. डोटा बनवणारी कंपनी त्याच भागातली असल्यामुळे २०१२ ते २०१७, सलग सहा वर्षं 'द इंटरनॅशनल' सिअॅटललाच होती. भारतातल्या फॅन्सची एक अख्खी पिढी तिथे घडली म्हणा, किंवा बिघडली म्हणा!

टाइम झोन म्हणजे नेमकं काय, हे मला एका तारखेने शिकवलं. २५ ऑगस्ट. २०१८ साली याच दिवशी व्हँकुव्हरला फायनल होती. एका बाजूला ओजी ही युरोपातली टीम, चक्क ओपन क्वालिफायरमधून वर आलेली. दुसऱ्या बाजूला चीनची तगडी पीएसजी.एलजीडी. पाचपैकी तीन गेम जिंकायचे. ओजी १-२ अशी मागे पडली आणि तिथून ३-२ जिंकली. व्हँकुव्हरला तेव्हा शनिवार होता. आपल्याकडे मध्यरात्र उलटून रविवार लागला होता आणि तो रविवार म्हणजे राखी पौर्णिमा! मी सणाला घरी आलेले, भाऊ कॉलेजातून आलेला. एका लॅपटॉपसमोर दोघं, आवाज बंद, कारण भिंतीपलीकडे आई-बाबा. सकाळी ओवाळताना दोघांचेही डोळे लाल. आईला वाटलं, पोरं भावुक झाली. आम्ही काही बोललो नाही.

बरोब्बर एक वर्षाने, २५ ऑगस्ट २०१९. या वेळी फायनल शांघायला. रविवार. पुन्हा ओजी! टीम लिक्विडला ३-१ हरवून 'द इंटरनॅशनल' दोनदा जिंकणारी पहिली टीम ठरली. आणि आपल्याकडे? सगळं दिवसाउजेडी. चॅम्पियन तेच, तारीख तीच. फरक एवढाच, की पहिल्या विजयासाठी आम्ही एक रात्र मोजली आणि दुसरा विजय वरण-भाताबरोबर फुकटात मिळाला.

मग मॅचची वेळ ठरवतं तरी कोण? पृथ्वी गोल आहे हे खरंच, पण पृथ्वीला दोष देऊन चालायचं नाही. २९ जून २०२४ आठवतोय? टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल, बार्बाडोस. आपल्याकडे रात्री आठला सुरू झाली. जेवणं उरकून, पाय पसरून बघितली सगळ्यांनी. बार्बाडोसमध्ये तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते! क्रिकेटमध्ये टीव्हीसमोरचा बडा गिऱ्हाईक आपण, म्हणून घड्याळ आपल्यासाठी वाकलं. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये पोहण्याच्या फायनल्स सकाळी घेतल्या होत्या, कारण तेव्हा अमेरिकेत संध्याकाळचा टीव्ही लागतो. गणित तेच, फक्त गिऱ्हाईक वेगळं.

ई-स्पोर्ट्समध्ये आपण अजून त्या खुर्चीवर बसलेलो नाही. बीजीएमआयची गोष्ट निराळी. तो २०२१ मध्ये खास भारतासाठी म्हणूनच आला, त्यामुळे त्याच्या देशातल्या स्पर्धा आपल्या सोयीच्या वेळी होतात. बाकीच्या गेम्समध्ये आपण दुसऱ्यांच्या संध्याकाळचे पाहुणे. आणि मॅच पूर्वेला असली की सुटलो, असंही समजू नका हं! मुंबईची ग्लोबल ई-स्पोर्ट्स २०२३ मध्ये व्हॅलोरंटच्या पॅसिफिक लीगमध्ये गेली. लीग सोलला. तिकडची संध्याकाळी पाचची मॅच म्हणजे आपल्याकडे दुपारी दीड. टीम लीडर समोर, हेडफोन एका कानात आणि चेहरा एक्सेल शीटसारखा कोरा! पश्चिमेच्या मॅचेस झोप खातात, पूर्वेच्या नोकरी खातात.

आपण एकटेच आहोत असं वाटायला लागलं की मी मंगोलियाची आठवण काढते. जून २०२५ मध्ये काउंटर-स्ट्राइकची मेजर स्पर्धा अमेरिकेत, ऑस्टिनला झाली. द मंगोल्झ ही मंगोलियाची टीम फायनलला पोचली. २२ तारखेच्या रविवारी व्हिटॅलिटीकडून १-२ अशी हरली. ऑस्टिन आणि उलानबातर यांच्यात तेरा तासांचं अंतर. ऑस्टिनला दुपारचे दोन वाजतात तेव्हा उलानबातरला सोमवारच्या पहाटेचे तीन. म्हणजे आपल्या देशाची टीम एवढ्या मोठ्या फायनलला पोचल्याचं बघायचं तर तेही पहाटे, सोमवारी, कामाच्या दिवशी. त्यांच्यापुढे आपली रडगाणी म्हणजे अगदीच किरकोळ.

बरं, वेळ कळली म्हणजे प्रश्न सुटला का? नाही. क्रिकेटची टी-ट्वेंटी कधी संपणार ते साधारण माहीत असतं. इथे तसं नाही. डोटाचा एक गेम वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतो, कधी तासाच्या पुढे जातो. 'बेस्ट ऑफ थ्री' म्हणजे दोन गेमही असू शकतात, तीनही. आणि तुमची मॅच दुसरी असेल, तर ती पहिली संपल्यावर सुरू होणार. म्हणजे रात्री साडेबाराचा अलार्म लावून उठलेला माणूस दोनपर्यंत भलत्याच टीम्सची मॅच बघत बसतो. लग्नाचा मुहूर्त आणि प्रत्यक्ष अक्षता यांच्यातलं अंतर ज्याने सोसलंय, त्याला हे समजेल!

त्यात भर म्हणजे त्या लोकांचं घड्याळ हलवणं. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. अमेरिका आपल्या वेगळ्याच रविवारी हलते. आपण हलत नाही, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. २०२४ ची कोपनहेगनची काउंटर-स्ट्राइक मेजर घ्या. फायनल ३१ मार्चला, म्हणजे नेमक्या त्याच रविवारी! आदल्या दिवशी कोपनहेगन आपल्या साडेचार तास मागे होतं, फायनलच्या दिवशी साडेतीन. शनिवारच्या हिशेबाने रविवारी बसणारा तासभर उशिरा पोचणार. त्याच वर्षी लीग ऑफ लेजंड्सच्या वर्ल्ड्सची दुसरी सेमीफायनल पॅरिसला २७ ऑक्टोबरला होती, टी-वन विरुद्ध जेन.जी. पुन्हा घड्याळबदलाचा रविवार, फक्त उलट्या दिशेने. आणि वेळापत्रकावर 'आयएसटी' दिसलं की लगेच हुरळून जाऊ नका. आयर्लंडची उन्हाळी वेळही आयएसटी, इस्रायलचीही आयएसटी!

सिस्टीम चुकतच नाही असं नाही, पण कधी कधी नशीबही साथ देतं. त्याच वर्ल्ड्सची फायनल लंडनला २ नोव्हेंबर २०२४ ला झाली. तिकडे दुपारी दोन म्हणजे आपल्याकडे साडेसात, आणि दिवस दिवाळी पाडव्याचा! टी-वनने बीएलजीला ३-२ हरवलं. फराळाचं ताट मांडीवर आणि फेकर स्क्रीनवर. याहून जास्त काय मागायचं?

आता वाशिमबद्दल. शहरातल्या लोकांना वाटतं, रात्री जागणं हे कॉल सेंटर आणि गेमिंगवाल्यांनी आणलेलं फॅड आहे. आमच्या जिल्ह्यात येऊन बघा. हरभऱ्याला ओलीत करायचं तर शेतीपंपाची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की माणूस बॅटरी घेऊन शेतात उभा. नोव्हेंबर २०२२ मध्ये रिओला काउंटर-स्ट्राइकची मेजर चालू होती, ब्राझीलची फ्युरिया खेळत होती, आणि भाऊ जागा होता. काकांनी शेतातून फोन केला, मोटर नीट ओढत नव्हती म्हणून.

'काऊन रे, झोपला नाही का तू?'

'नाही काका, मॅच आहे.'

'कोणाची?'

'ब्राझीलची. युरोपच्या टीमसोबत.'

थोडा वेळ नुसता मोटरचा आवाज. मग, 'मंग तुले काय करा लागते त्याचं?'

हा प्रश्न भावाने मला दुसऱ्या दिवशी हसत हसत सांगितला. मी हसले, पण तो डोक्यातून गेला नाही. काका जागतात त्याचं पीक उभं राहतं. आपण जागतो त्याचं काय?

त्याआधी एक गंमत. वाशिमकराने जगाला वेळ विचारत फिरावं, हा इतिहासाने केलेला विनोदच आहे. वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराच्या 'महाभास्करीय' या ग्रंथात मध्यरेषेवरची गावं दिली आहेत : लंकेपासून निघून उज्जैन, स्थानेश्वर करत मेरूपर्यंत जाणारी रेषा. त्या यादीत वत्सगुल्म आहे! म्हणजे आजच्या ग्रिनिचचं जे काम, तिथून वेळ मोजायची, ते काम करणाऱ्या रेषेवर आमचं गाव मानलं जायचं. गावातलं मध्यमेश्वराचं मंदिर त्याच रेषेवर आहे, असं लोक सांगतात. आज मात्र भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावरून, मिर्झापूरकडून येते आणि वाशिमचा सूर्य तिच्याही सुमारे एकवीस मिनिटं मागे चालतो. मुंबईने तर १९५५ पर्यंत स्वतःची वेगळी वेळ सांभाळली, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. थोडक्यात काय, 'खरी वेळ' कुणाची, हे कायम ज्याची चलती त्याने ठरवलंय. कधी वत्सगुल्म, कधी ग्रिनिच, कधी स्पॉन्सर.

आणि जागतात ते फक्त बघणारेच असंही नाही. मे २०२२ मध्ये चेन्नईचा प्रज्ञानंद ऑनलाइन बुद्धिबळाच्या चेसेबल मास्टर्स स्पर्धेत अनीश गिरीला हरवून फायनलला पोचला. ती मॅच संपली तेव्हा आपल्याकडे रात्रीचे दोन वाजले होते आणि त्याच सकाळी त्याचा अकरावीचा पेपर होता! युरोपच्या सोयीची संध्याकाळ, चेन्नईच्या पोराची मध्यरात्र. २०२५ मध्ये बुद्धिबळ रियाधच्या ई-स्पोर्ट्स वर्ल्ड कपमध्येच दाखल झालं. कार्लसन जिंकला, आपला अर्जुन एरिगैसी चौथा आला. तेव्हा मात्र घड्याळ कृपाळू होतं, रियाध फक्त अडीच तास मागे.

तर काकांचा प्रश्न. मंग तुले काय करा लागते त्याचं?

सकाळी उठून निकाल बघता येतो. पूर्ण मॅच बघता येते, दीडपट वेगाने, जाहिराती गाळून. बारा मिनिटांचे हायलाइट्स असतात. शहाणा माणूस तेच करेल. मीही बऱ्याच मॅचेस तशाच बघते. पण सकाळी बघताना एक गोष्ट मिळत नाही. आपल्याला माहीत नसलं तरी जगाला उत्तर माहीत असतं. फोन चालू करायची भीती, एखाद्या नोटिफिकेशनने घात करायची भीती. लाइव्ह बघताना मात्र कोणालाच काही माहीत नसतं. सिअॅटलच्या पहिल्या रांगेत बसलेल्याला नाही, खेळणाऱ्याला नाही आणि वाशिमच्या गच्चीवर नेटवर्क शोधत बसलेल्या पोरालाही नाही. त्या न कळण्यात सगळे सारखे.

माझ्यापुरतं सांगू? भावाचा आणि माझा एरवीचा फोन चार मिनिटांचा. जेवलीस का, आईचं बीपी, सोयाबीनला काय भाव. संपलं. सीझन असेल तर तेवढाही नाही. त्याला आवक मोजायची असते, मला डेडलाइन. मॅचच्या रात्री आम्ही चार-चार तास बोलतो. खेळावर बोलता बोलता मध्येच तो सांगतो, की दुकान सोडून स्वतःचं काही करावं म्हणतोय. मी सांगते, की पुण्यात कधी कधी फार एकटं वाटतं. हे बोलायला आम्हाला कोणीही अडवलेलं नाही, पण रविवारी दुपारी फोन करून असलं काही बोलता येत नाही. त्यासाठी रात्रीचे अडीच वाजावे लागतात, आणि समोर दुसरंच काहीतरी चालू असावं लागतं. म्हणूनच कदाचित २०१९ चा फुकटचा विजय मला धड आठवत नाही आणि २०१८ चा आवाज बंद ठेवून बघितलेला विजय तोंडपाठ आहे.

याचा अर्थ रोज जागा, असा नाही. झोप ही काही क्रेडिट कार्डवर वापरायची गोष्ट नव्हे, आणि आपण तिशीकडे निघालेली माणसं आहोत, राजेहो! आम्ही दोघांनी आता नियमच केलेत. वर्षाला चार रात्री, त्याहून जास्त नाही. कुठल्या चार, ते वेळापत्रक आलं की ठरवायचं. ग्रुप स्टेज सकाळी बघायची, जागायचं ते फक्त सेमी आणि फायनलला. वेळ फोनच्या वर्ल्ड क्लॉकमध्ये त्या शहराचं नाव टाकून बघायची, बोटांवर मोजायची नाही. संध्याकाळी दीड तास झोपून घ्यायचं. दुसऱ्या दिवसाची सुट्टी आधीच टाकायची. सोयाबीनची आवक जोरात असेल तर भावाला सूट, त्याला सकाळी मी निकाल न सांगता फक्त 'बघ' एवढंच लिहायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं : जागरणानंतर गाडी चालवायची नाही. समृद्धी आमच्या जिल्ह्यातूनच जाते. सरळ, रिकामा, डोळा लागेल असा रस्ता. कुठलीही फायनल त्यावर डुलकी घेण्याइतकी मोठी नसते.

अजून एक. घरच्यांना सांगून जागा. बंद दाराआडून रात्री दोनला येणारा 'अरे मार ना!' ऐकून आईला काय वाटत असेल, विचार करा. तिच्यासाठी गेम म्हणजे पैसे लावायचा गेम. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा कायदा आला, त्याने ई-स्पोर्ट्स वेगळे मानले आणि पैशांच्या गेम्सवर बंदी घातली. मी आईला तो फरक बसून समजावला. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, 'म्हणजे हरलं तरी घरातून काही जात नाही ना?'

नाही. फक्त झोप.

'मग चहा करून ठेवत जा थर्मासात,' ती म्हणाली. 'रात्री गॅसचा आवाज होतो.'